कळलावी : कुल आणि मूलस्थान

पावसाळ्यात कुंपणांवर व रानाच्या कडेला ज्वालेसारखी पिवळी-तांबडी फुले धारण करणारी वेल म्हणजे कळलावी. संस्कृतात हिलाच अग्निशिखा म्हणतात. पावसाळ्यानंतर वेल वाळते, परंतु जमिनीतील कंद जिवंत राहून पुढील पावसात पुन्हा अंकुरतो. म्हणून ही वनस्पती बहुवर्षायू होय.

आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, तसेच भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतचा भाग हे हिचे मूलस्थान. लिनीअसने १७५३ साली हिचे ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे नामकरण केले. जुन्या ग्रंथांत हिचा समावेश पलांडू कुलात, म्हणजे लिलिएसीत, केलेला आढळतो. आता ती कॉल्चिकेसी कुलात गणली जाते. हा भेद केवळ नावाचा नव्हे. ज्या कॉल्चिकमवरून या कुलास नाव मिळाले, त्यातील कॉल्चिसीन हे विष कळलावीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, असते. रताळे समजून कंद खाल्ल्याने प्राणघात झाल्याच्या नोंदी आहेत.

शिक्षकांनी ही वेल मुलांना जागेवरच दाखवावी. कंद उपटू अथवा चाखू देऊ नये. कुल सांगताना त्याचा हा गुणही अवश्य सांगावा.