गहू: पाणी आणि खत यांचा हिशोब एकच

मंडळी, गव्हाचं पाणी आणि गव्हाचं खत हे दोन्ही विषय आज आपण एकत्रच घेणार आहोत. पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं असतात, पण मुळाशी तो एकच व्यवहार आहे. मूळ कोरडं खत खात नाही. पाण्यात विरघळलेलं अन्नद्रव्यच ते घेऊ शकतं.

आपल्याकडे वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद, पालाश आणि निम्मं नत्र पेरणीबरोबर द्यायचं. उरलेलं ६० किलो नत्र, म्हणजे साधारण १३० किलो युरिया, तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याच्या वेळी. तीनच आठवडे का? कारण १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळं फुटतात आणि त्यांच्या जोरावर फुटवे येतात. जितके फुटवे जोम धरतील, तितक्या ओंब्या. हे पाणी चुकलं, तर नंतर युरिया ओतूनही गेलेला फुटवा परत येत नाही.

आता खरा प्रश्न. विहीर तळाला चालली आहे आणि दोनच पाळ्या पाणी पुरेल. मग काय करायचं? पहिली पाळी २० ते २२ दिवसांनी, दुसरी ६० ते ६५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास. तिसरी मिळालीच, तर मधे ४० ते ४५ दिवसांनी, कांडी धरताना.

आणि पाणी कमी असेल तर नत्रालाही हात आखडता घ्यावा लागतो. जिरायती गव्हाला हेक्टरी ४० किलोचीच शिफारस आहे, ती उगाच नाही. जास्त नत्रानं पाला माजतो, तो जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकतो, आणि दाणा भरायच्या वेळी काही उरत नाही. पीक हिरवंगार दिसतं, पण दाणा चिरमटतो.

उलट बाजूही आहे. कालव्याचं पाणी मुबलक, म्हणून खतही मुबलक टाकलं, तर पीक लोळतं. जुने उंच गहू असेच लोळायचे. म्हणून तर १९६० च्या दशकात सोनोरा ६४, लर्मा रोहो असे बुटके वाण आपल्या देशात आले. पण बुटक्या वाणालाही मर्यादा असतेच. शिवाय भारी जमिनीत पाणी साचलं, तर मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं. आपण म्हणतो खत कमी पडलं, आणि पुन्हा युरिया टाकतो!

तेव्हा एवढं लक्षात ठेवू या: युरियाची गोणी उघडण्याआधी विहिरीत किती पाळ्या पाणी आहे ते मोजायचं.