नर्सबाई गावात टिकाव्यात कशा?

कांदा काढणीला मजूर मिळेना की आपण दर वाढवतो, गाडी पाठवतो. उपकेंद्रातल्या नर्सबाईंचे पद रिकामे पडले तर ग्रामसभेत कोणी बोलते का?

सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, हा नियम. गरोदर मातांची तपासणी, बाळांचे लसीकरण, वर रजिस्टरे, सगळे आरोग्यसेविकेच्या माथी. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांमुळे कोरेगाव भीमात भाडेकरू वाढले. पदांचा हिशेब मात्र २०११ च्या जनगणनेवर बसवलेला. मग बाई पुरणार कशा? त्यात पुष्कळ जणी कंत्राटी, पगार तुटपुंजा. पुण्याचे खासगी दवाखाने जवळ, परदेशातूनही मागणी. २०१८ साली जगात ५९ लाख परिचारिका कमी होत्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

पद भरणे जिल्हा परिषदेचे काम. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव द्या, पाठपुरावा करा. पण सरपंच मंडळी, निवासस्थानाला पाणी, वीज, दाराला धड कडी, एवढे तर आपल्या हातात आहे ना? एकट्या बाईने रात्री राहायचे म्हणजे हे आधी हवे.

बारावी झालेल्या मुलींना ए.एन.एम.चा दोन वर्षांचा कोर्स सुचवा. मात्र बियाण्याचे लेबल पाहता तसे कॉलेजच्या मान्यतेचे कागद पाहूनच फी भरा.