ड्रमर अमेरिकेचा, उस्ताद मुंबईचे!

एक्स्प्रेसवेवर टोल, शिळफाट्यावर ढोल! लग्नसराईत संध्याकाळी इथे उतरा, कुठल्या ना कुठल्या हळदीचा बेंजो कानावर येतोच. गेल्या मोसमात एका टेम्पोच्या आडोशाला एक पोरगा रद्दी पेटवून हलगी शेकवत होता. टिचकी मारायची, कान लावायचा, परत शेकवायची. तिसऱ्या टिचकीला असा खणखणीत आवाज निघाला की वडापाववाल्याचा झाऱ्या कढईतच थांबला.

माझ्या पिशवीत तेव्हा काय होतं, माहीत आहे का? एका रॉक ड्रमरचं आत्मकथन! 'ड्रमिंग ॲट द एज ऑफ मॅजिक', साल १९९०. लेखक मिकी हार्ट. बँड 'ग्रेटफुल डेड': १९६५ ते १९९५, तीस वर्षं, दोन हजारांहून जास्त कॉन्सर्ट्स.

आणि ड्रमर किती? दोन! मिकी आणि बिल क्रॉइट्झमन. डबल धमाका.

आता खरा बॉम्ब. स्टार झालेला हा ड्रमर शिकायला बसला कोणासमोर? उस्ताद अल्लारखाँसमोर! म्हणजे मुंबईच्या तबल्यासमोर. रॉकवाले चारचार मोजत ठोकत असताना मिकीला मात्रांच्या हिशेबाचं वेड लागलं. त्याची 'द मेन टेन' ही रचना दहा मात्रांची. दहा म्हटलं की आपल्याकडे तबल्याच्या क्लासमधलं पोरगंही 'झपताल!' म्हणून ओरडेल. बँडच्या आणखी एका गाण्याचं तर नावच 'द इलेव्हन'. मात्रा? अर्थात अकरा!

उस्तादांचे चिरंजीव कोण, हे विचारायलाच नको. झाकीर हुसेन, जन्म १९५१, माहीम. मिकी आणि झाकीरची दोस्ती पन्नास वर्षांच्या वर टिकली. १९७२च्या 'रोलिंग थंडर' या मिकीच्या अल्बममध्ये बापलेक दोघंही आहेत. १९७६मध्ये 'दिगा' आला. पुढे १९९१चा 'प्लॅनेट ड्रम'. त्यात झाकीरभाई आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम. 'वर्ल्ड म्युझिक अल्बम'साठीचं ग्रॅमी पहिल्यांदा दिलं गेलं, ते याच अल्बमला. पहिलंच!

शेतकरी मित्रांनो, हे तुमच्यासाठी. मिकीच्या रँचवरचा पाण्याचा पंप ठेक्यात धडधडायचा. त्याने तो आवाज रेकॉर्ड केला आणि त्यावर गाणं बांधायला लावलं. कर्जत-खालापुरात अशा पंपांची काय कमी आहे? ऐका जरा!

आता थोडं हळू. मिकीचे वडील लेनी हार्टसुद्धा नावाजलेले ड्रमर. ते बँडचे मॅनेजर झाले आणि १९७०मध्ये बँडचे पैसे घेऊन पसार झाले. मोठी रक्कम होती. बापाने ताल सोडला, मान खाली गेली मुलाची. मिकी १९७१मध्ये बँडमधून बाहेर पडला. साथीदारांनी दार बंद केलं नाही. १९७४मध्ये तो परतला. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा तुकडा आहे, ग्रॅमीहूनही मोठा.

चला, परत फास्ट! पुस्तकासाठी जमवलेली माहिती त्याने कार्डांवर लिहिली आणि ती कार्डं आपल्या बार्नच्या भिंतींवरून फिरवली. सापासारखी ही रांग वाढतच गेली. तिचं नाव ठेवलं 'ॲनाकोंडा'!

अजून एक. 'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९च्या सिनेमात जंगलाचा धाक ऐकू येतो ना? त्यात मिकी आणि मंडळींचे ढोल आहेत. त्याचं एक वाद्य तर अॅल्युमिनियमच्या लांबलचक तुळईचं. त्यावर पियानोच्या तेरा जाड तारा. नाव सरळ: 'द बीम'.

आणि १९९१मध्ये हा पठ्ठ्या अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बोलायला गेला. विषय? म्हाताऱ्या माणसांना तालाचा होणारा फायदा!

स्टेजवर ड्रमर मागे असतो. फोटोत पुढे गायक, खाली नाव गायकाचं. मिकीने मात्र मागे बसलेल्यांची सगळी दुनिया पुस्तकात पुढे आणली: कातडं, लाकूड, हात, गुरू. शिळफाट्याच्या त्या पोराला मी नाव विचारलं. त्याने आधी आजोबांचं सांगितलं, कारण हलगी त्यांची होती, मग स्वतःचं.

पुढच्या हळदीला तुम्ही नाचाल ते नाचाच. पण बेंजो थांबला की मागे जा आणि वाजवणाऱ्याला त्याचं नाव विचारा.