जागा मिळाली, तरी डिस्क भरलेलीच!

सीटी स्कॅनमधील एका छेदाचे चित्र साधारणपणे ५१२ बाय ५१२ बिंदूंचे असते. प्रत्येक बिंदूची छटा साठवायला दोन बाइट लागतात, म्हणजे एक चित्र अर्ध्या एमबीचे. एका तपासणीत अशी ६०० चित्रे निघाली, तर ३०० एमबी झाले. रोज ४० रुग्ण धरले, तर दिवसाला १२ जीबी आणि वर्षाला चार टीबीहून अधिक. एक्स-रे फिल्मची कपाटे भरली की ती डोळ्यांना दिसत. सर्व्हरची डिस्क भरत आली, तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

डिस्क पूर्ण भरली, की डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा स्कॅन होतो, चित्रे यंत्राजवळच्या पडद्यावर दिसतात. पण ती वॉर्डात किंवा ऑपरेशन थिएटरात पोहोचत नाहीत. प्रयोगशाळेचा डेटाबेसही नवी नोंद घेईनासा होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानमधील टोयोटाचे सर्व १४ कारखाने थांबले, ते याच कारणाने. देखभालीच्या कामात सर्व्हरवरील डिस्कची जागा अपुरी पडली आणि पर्यायी सर्व्हरही त्याच प्रणालीवर असल्याने तोही चालला नाही. कारखान्यात गाड्या थांबतात. रुग्णालयात उपचार खोळंबतात.

आज अनेक रुग्णालयांत अशी कामे ‘व्हर्च्युअल मशीन’वर चालतात. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक आभासी संगणक एकाच वेळी काम करतात. अशा संगणकाची डिस्क ही बहुधा मूळ सर्व्हरवरील एक मोठी फाइल असते. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क ८०० जीबीची करणे हे वरवर पाहता आकडा बदलण्याइतके सोपे असते. आकडा बदलला जातो, तरीही ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश तसाच राहतो. असे का होते?

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमला शेजारची खोली मंजूर झाली, असे समजा. मंजुरी मिळाली, पण मधली भिंत पाडली नाही, तर खोली उपयोगाची नाही. भिंत पाडली, पण नव्या कपाटांचे क्रमांक रजिस्टरमध्ये चढवले नाहीत, तर कारकून जुन्याच कपाटांत जागा शोधत राहील. डिस्कचेही तसेच आहे. आधी डिस्क वाढवायची, मग पार्टिशनची, म्हणजे विभागाची, सीमा पुढे सरकवायची आणि शेवटी फाइल सिस्टीमला नव्या जागेची नोंद घ्यायला लावायची. तिन्ही पायऱ्या झाल्यावरच नवी जागा वापरता येते.

यात अडचणीही असतात. नवी जागा डिस्कच्या शेवटी जोडली जाते. वाढवायचा विभाग आणि ही मोकळी जागा यांच्यामध्ये दुसरा विभाग असेल, तर सीमा सरकत नाही. विंडोजमध्ये दुरुस्तीसाठी राखलेला छोटा विभाग अनेकदा असा आडवा येतो. जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीच्या डिस्कवर सामान्यतः दोन टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही. त्यासाठी ‘जीपीटी’ पद्धत लागते. शिवाय सर्व आभासी डिस्कना मिळून कबूल केलेली जागा प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त असू शकते. ३० खाटांच्या वॉर्डात ५० जणांना भरतीची चिठ्ठी देण्यासारखेच ते.

सर्वांत मोठा गैरसमज ‘स्नॅपशॉट’बद्दल असतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची खूण. तो बॅकअप नव्हे. तो बहुधा त्याच साठ्यावर राहतो, दिवसेंदिवस फुगतो आणि काही प्रणालींत तो असेपर्यंत डिस्क वाढवताच येत नाही. विभागाच्या सीमेत चूक झाली, तर वर्षानुवर्षांची चित्रे वाचता येईनाशी होतात. म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आणि परत उघडून पाहिलेला बॅकअप हातात असल्याशिवाय या कामाला सुरुवात करू नये.

ऑक्सिजनचा साठा संपेपर्यंत कोणी थांबत नाही. डिस्कलाही तोच नियम लावावा. ती ७०-८० टक्के भरताच इशारा यावा, तो कोणाच्या फोनवर येणार हे ठरलेले असावे आणि वाढीचे काम तपासण्यांची गर्दी नसलेल्या वेळी व्हावे. काम झाल्यावर त्या आभासी संगणकातच मोकळी जागा मोजावी. तिथे आकडा वाढलेला दिसला, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.