मोटरसायकलची खुर्जी : कापड पाहा, टाका पाहा, मग दाम विचारा

मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांची संख्या आपल्या भागात वाढत चालली आहे. गास, सोपारा, निर्मळ या पट्ट्यातील तरुण मालवण आणि गोव्यापर्यंत मोटरसायकलने जातात; काही हिंमतवाले लडाखही गाठतात. कापडाचे नमुने घेऊन वाडा, विक्रमगड, जव्हारच्या बाजारांना जाणारे आपले लहान व्यापारीदेखील याच वाहनावर अवलंबून आहेत. दोघांसमोर प्रश्न एकच असतो. सामान कशात घालावे? त्याचे सोपे उत्तर म्हणजे मागच्या सीटवरून दोन्ही बाजूंना सोडलेली कापडी पिशव्यांची जोडी. बाजारात तिला 'सॅडल बॅग' म्हणतात.

नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्याला नवी नाही. घोड्याच्या खोगिरावर टाकायच्या दुहेरी पिशवीला उर्दूत खुर्जी म्हणतात. मराठीतील खांद्यावरची पडशी आणि बैलाच्या पाठीवरची गोणी तिच्याच घराण्यातील होत. दोन्ही बाजूंचा भार सारखा असावा आणि जनावराची पाठ सोलली जाऊ नये, हे तिचे जुने नियम. मोटरसायकलवर त्यात आणखी दोन नियमांची भर पडली आहे. पिशवीच्या एका बाजूला तापलेला सायलेन्सर असतो आणि दोहोंच्या मध्ये वेगाने फिरणारे चाक असते. पिशवी सायलेन्सरला टेकली तर जळते. चाकात गेली तर चाक अडकते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो. म्हणून या वस्तूची निवड रंग आणि छाप पाहून करणे योग्य नाही. आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे आहोत. कापडाची पारख उलट्या बाजूने होते, तशी बॅगेचीही पारख आतून करावी, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आधी सामान, मग बॅग

लोखंडी किंवा प्लास्टिकच्या पेटीला कुलूप लागते, पाऊस आत जात नाही; पण ती वजनाला जड, तिला लोखंडी चौकट लागते आणि गाडी आडवी पडली तर पाय तिच्याखाली सापडू शकतो. कापडी बॅग हलकी असते, मुक्कामी उतरवून खोलीत नेता येते आणि फाटली तर कोणताही बॅगवाला कारागीर ती शिवून देतो. तिची उणीव अशी की ती ब्लेडने कापता येते. त्यामुळे रोकड, कागदपत्रे आणि फोन अंगावरच ठेवावेत.

घेण्यापूर्वी घरी सामान जमिनीवर मांडावे. एकट्या माणसाच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासाला दोन्ही मिळून ३० ते ४० लिटरची जोडी पुरते. मोठी बॅग घेतली की ती भरण्याचा मोह होतो. आणि न भरली तर ढिली राहून वाऱ्यावर फडफडते. बॅगेला बाहेरून आवळण्याचे पट्टे असतील तर कमी सामानातही ती घट्ट राहते.

कापडाची पारख

सॅडल बॅगच्या चिठ्ठीवर ६००, १००० किंवा १६८० असा आकडा आणि पुढे 'डेनियर' असे लिहिलेले आढळते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जितके वजन, तितका त्याचा डेनियर. सुताच्या काउंटशी व्यवहार करणाऱ्या आपल्या मालेगाव-भिवंडीच्या बांधवांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो. डेनियर वाढला की धागा जाड होतो. हिशेब उलटा आहे.

मात्र आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असे नव्हे. ६०० डेनियरचे दाट विणलेले कापड १६८० डेनियरच्या विरळ कापडापेक्षा जास्त दिवस टिकू शकते. कापड उजेडासमोर धरावे. नखाने ताणा-बाणा सरकवून पाहावा. धागे सहज सरकत असतील तर शिवणीजवळ ते कापड उसवणारच.

दुसरा प्रश्न नायलॉन की पॉलिएस्टर हा. घासले जाण्यात नायलॉन जास्त टिकते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी बनलेले 'बॅलिस्टिक नायलॉन' आज बॅगांसाठी वापरले जाते, ते याच गुणामुळे. पॉलिएस्टर उन्हात कमी कुजते, पाणी कमी शोषते आणि स्वस्त पडते. ज्याची बॅग रोज उन्हात गाडीवरच राहते, त्या व्यापाऱ्याला जाड, दाट पॉलिएस्टर पुरेसे आहे. खडकाळ रस्त्यांवर जाणाऱ्याने बॅगेचे तळ आणि कोपरे तरी नायलॉनचे पाहावेत. सुती कॅनव्हास मजबूत असते. पण आमच्या किनाऱ्यावरील पावसाळ्यात ते दिवसेंदिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. चामड्याचेही तसेच. चामड्याची बॅग दिसायला देखणी. पण तेल-पाणी करून जपणाऱ्यानेच ती घ्यावी.

पाणी कोठून शिरते

बहुतेक कापडाला आतून पाणी रोखणारा लेप असतो. पॉलियुरेथेनचा लेप पातळ आणि हलका असतो. परंतु दमट उष्ण हवेत काही वर्षांत तो चिकट होतो व पापुद्रे सुटतात. आमच्याकडे अर्नाळा-कळंबच्या खाऱ्या वाऱ्यात जुन्या बॅगांच्या आत पांढरा भुगा पडलेला दिसतो, तो हाच. पीव्हीसीचा लेप जाड आणि वजनदार असतो, पण पाणी चांगले रोखतो. ताडपत्रीसारख्या अशा कापडाचे जोड उष्णतेने चिकटवता येतात, त्यामुळे सुईचे भोकच पडत नाही.

पाणी बहुधा कापडातून शिरत नाही. ते सुईच्या भोकांतून आणि चेनमधून शिरते. म्हणून 'वॉटरप्रूफ' हा शब्द वाचून समाधान मानू नये. बॅग उलटी करून पाहावी. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे काय? तोंड गुंडाळून बंद होते की नुसती चेन आहे? शिवलेली, चेनची बॅग भरपावसात कोरडी राहील अशी अपेक्षा ठेवू नये. सोबत मिळणारी पावसाची खोळही पूर्ण भरवशाची नसते. वेगात ती फुगते, आणि खालून उडालेले पाणी तिच्या तळाशी साचून बॅग त्यातच भिजत राहते. खोळीला खाली निचऱ्याचे भोक आणि घट्ट बांधण्याची दोरी हवी. सर्वांत खात्रीचा उपाय स्वस्त आहे. कपडे जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, तोंड गुंडाळून, मग ते बॅगेत ठेवावेत.

टाका, चेन आणि पट्टा

चांगले कापड घेऊन साध्या सुती दोऱ्याने शिवलेल्या बॅगा बाजारात पुष्कळ आहेत. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. दुकानदाराची परवानगी घेऊन शिवणीच्या टोकाचा लोंबता दोरा कापावा आणि दुकानाबाहेर जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा आगीपासून आकसतो, वितळतो आणि कडक मणी तयार होतो. कापडवाल्यांची ही जुनी कसोटी येथेही उपयोगी पडते.

जाड कापडावर एका इंचात सहा ते आठ टाके योग्य समजावेत. त्याहून फार दाट टाके मजबुती वाढवीत नाहीत. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ पडते आणि कापड तेथेच फाटते. पट्टा जेथे बॅगेला जोडला आहे ती जागा अवश्य पाहावी. तेथे चौकोन करून आत फुली मारलेली शिवण असावी आणि मागे कापडाचा दुसरा तुकडा असावा. सगळे वजन या चार बोटांच्या जागेवर तोललेले असते.

चेनवर ५, ८, १० असे क्रमांक असतात. आकडा जितका मोठा तितके दात रुंद. मुख्य तोंडाला ८ किंवा १० क्रमांकाची चेन हवी. खाऱ्या हवेत लोखंडी सरकी गंजून अडकते, तेव्हा चेन प्लास्टिकची बरी. बकल बोटांनी दाबून, ओढून, दहा वेळा उघडझाप करून पाहावे. नायलॉनचा पट्टा ओला झाला की थोडा सैल पडतो. पॉलिएस्टरचा तितका नाही.

गाडीवर बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत

आपल्याकडील बहुतेक मोटरसायकलींचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो. नायलॉन-पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. सायलेन्सरची नळी इंजिनजवळ याहून जास्त तापू शकते. आमच्या ओळखीच्या एका तरुणाची बॅग कोकणच्या वाटेवर तळातून वितळली आणि आतले कपडे धुमसू लागले. गाडी उभी असताना बॅग आणि सायलेन्सर यांच्यात अंतर दिसत होते. खड्ड्यात गाडी दबली की ते नाहीसे होत होते. म्हणून बॅग भरून लावावी, मागे एक जण बसवावा, सीट जोराने दाबावी आणि मग पाहावे. अशा दबलेल्या स्थितीतही चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे. राहत नसेल तर लोखंडी आधार, म्हणजे सॅडल स्टे, बसवावा किंवा लहान बॅग घ्यावी.

डाव्या बाजूला चाकाचा धोका आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे संरक्षण आवश्यक ठरवले आहे. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. अनेक तरुण शोभेसाठी ते काढून टाकतात. तेच गार्ड बॅगेलाही चाकापासून दूर ठेवते. ते काढलेल्या गाडीवर आधाराविना कापडी बॅग लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे होय.

मागचा दिवा, बाजूचे इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये. मागे बसणाऱ्याचा पाय पायदानावर नीट टेकला पाहिजे. पट्ट्यांची लोंबती टोके गुंडाळून बांधावीत. साखळीत जाणारी वस्तू बहुधा तीच असते. बॅग आणि गाडीच्या रंगाच्या मध्ये जाड कापड ठेवावे, नाहीतर धूळ सँडपेपरचे काम करते.

भरताना जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवाव्यात. दोन्ही पिशव्या काट्यावर तोलाव्यात. एका बाजूला सात-आठ किलोंहून जास्त वजन टाळलेले बरे. शिवाय स्वार, सोबती आणि सामान मिळून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत राहावे. पहिल्या वीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सामान बसते आणि पट्टे सैल होतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवावा की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. प्रवासाची दुआ म्हणावीच, पण पट्टाही ओढून पाहावा.

कारागीर बांधवांसाठी

मदनपुरा आणि धारावीतील बॅग कारागिरांच्या हाताला कसब आहे, याबद्दल वाद नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर चामड्याच्या कामाला फटका बसला, आणि रेक्झिन व नायलॉनच्या कामाचे महत्त्व वाढले. अशा कारागिराला मोटरसायकलची बॅग हे चांगले क्षेत्र आहे. पण हलक्या मालाने ते हातचे जाईल. शाळेच्या दप्तराचा दोरा आणि दप्तराचे बकल सॅडल बॅगला लावून भागणार नाही. दप्तराचा पट्टा तुटला तर पुस्तके पडतात. येथे माणूस पडतो.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, दोरा आणि पट्ट्याच्या जोडावर काटकसर करू नये. एका जोडीत त्याचा खर्च कापडाच्या मानाने थोडाच असतो. दुसरी, बाहेरून येणाऱ्या बॅगा वेगळ्या मापाच्या गाड्यांसाठी असतात; आपण स्प्लेंडर, पल्सर, बुलेट यांचे पुठ्ठ्याचे खाके करून त्या-त्या गाडीच्या मापाची जोडी शिवावी आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर बसवून द्यावी. हे काम मोठ्या कंपनीला जमणार नाही, गल्लीतल्या कारखान्याला जमेल. तिसरी, चिठ्ठीवर खरे लिहावे. कापड कोणते, किती वजन सोसेल, पाऊस किती रोखेल. रिमझिम रोखणाऱ्या बॅगेला 'वॉटरप्रूफ' म्हणू नये. बाजारातील धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) दाखवून दिला आणि तो लपवणाऱ्या विक्रेत्याला खडसावले, ही हदीस आपण सर्व जाणतो. बॅगेचा ओलावा अस्तराखाली लपतो, आणि गिऱ्हाइकाला तो घरापासून शेकडो किलोमीटर दूर, भरपावसात कळतो.

तेव्हा घेणाऱ्याने बॅग उलटी करून पाहावी आणि विकणाऱ्याने ती आपणहून उलटी करून दाखवावी. ज्या दुकानात असे घडेल, तेथे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपल्या मित्राला घेऊन येईल, इन्शाअल्लाह.