शिष्याला मोकळे सोडणारा गुरू

वेल्ह्याच्या तोरणा किल्ल्यावर स्वराज्याची सुरुवात झाली आणि शेजारच्या राजगडावर शिवाजी महाराजांची राजधानी जवळपास पाव शतक नांदली, हे इथल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. याच भोसले घराण्याची दुसरी शाखा महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावरला रुजवली. तिच्याकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही. या तंजावरच्या गादीवरचा सर्वांत विद्याव्यासंगी राजा म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांच्या घडणीत ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन लुथरन मिशनरी शिक्षकाचा मोठा वाटा होता. आपल्या श्रद्धेवर अढळ राहूनही शिष्याला त्याच्या श्रद्धेसह मोठे होऊ देणे ही शिक्षकाची खरी कसोटी असते, आणि श्वार्ट्झ तिला उतरले, असे मला वाटते.

श्वार्ट्झ १७२६ साली ब्रँडनबुर्गमधल्या झोनेनबुर्ग गावी जन्मले. हाले येथे शिकत असतानाच त्यांनी तमिळचे धडे घेतले आणि १७५० साली ते डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगंबाडी बंदरात उतरले. हाले ही लुथरन पंथातल्या एका चळवळीची कर्मभूमी होती. धर्म आचरणातून दिसला पाहिजे आणि शाळा, अनाथालय, औषधालय हे उपासनेचेच भाग आहेत, असा तिचा आग्रह होता. श्वार्ट्झ यांनी तो आयुष्यभर पाळला. लग्न केले नाही, संपत्ती साठवली नाही. तिरुचिरापल्लीत त्यांनी शाळा व चर्च उभारले आणि १७७८ साली ते तंजावरला कायमचे राहायला गेले. दरबाराशी मधल्या माणसावाचून बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सरकारने त्यांना म्हैसूरच्या हैदर अलीकडे बोलणी करायला पाठवले. हैदरने दिलेली रक्कम त्यांनी स्वतःसाठी ठेवली नाही, ती अनाथ मुलांच्या शाळेला लावली. हैदरशी झालेल्या पुढच्या युद्धात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली, तेव्हा आधीच नागवले गेलेले शेतकरी सरकारी शब्दावर धान्य आणायला तयार होईनात. पैसे मिळतील अशी हमी श्वार्ट्झ यांनी दिली आणि बैलांवर लादून धान्य किल्ल्यात आले. ज्याच्या शब्दावर शेतकरी धान्य घेऊन येतो, त्याच्या हाती पोर सोपवायलाही लोक कचरत नाहीत. त्यांच्या शिक्षकपणाचा पाया हा विश्वास होता.

तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ श्वार्ट्झ यांनी करावा अशी इच्छा व्यक्त केली. एका परक्या धर्मगुरूने राजपुत्राचे एकट्याने पालक व्हावे, हे श्वार्ट्झ यांना योग्य वाटले नाही. त्यांनी राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांचे नाव सुचवले. पण पुढे गादी अमरसिंगांनाच मिळाली आणि मुलगा बंदिवासासारख्या स्थितीत, शिक्षणावाचून राहिला. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे पाठपुरावा केला. अखेर १७९३ साली सरफोजींना मद्रासला नेण्यात आले आणि तिथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांनी त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष पुरवले. १७९८च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

या शिक्षणाचे फळ सरफोजींच्या कारकिर्दीत दिसते. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय हस्तलिखितांनी आणि युरोपीय ग्रंथांनी समृद्ध केले. धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी आणले आणि नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तके छापली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आणि पुढे काशीयात्रा केली. ख्रिस्ती गुरूच्या छायेत वाढूनही त्यांनी आपला धर्म सोडला नाही. त्याच वेळी लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले आणि त्यावरच्या इंग्रजी ओळी स्वतः रचल्या. धर्म आणि गुरुभक्ती यांतले एकही त्यांना सोडावे लागले नाही.

यावर पहिला आक्षेप असा की श्वार्ट्झ मिशनरी होते, मग त्यांचा हेतू निखळ कसा मानायचा? विद्यार्थी ख्रिस्ती व्हावेत ही इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. मात्र तंजावर, रामनाथपुरम् आणि शिवगंगा येथे स्थानिक राजांच्या व कंपनीच्या मदतीने निघालेल्या इंग्रजी शाळांबद्दल, मुलांना फसवून धर्माकडे ओढले जात नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. इच्छा बाळगणे आणि फसवणे यांत मोठे अंतर आहे. दुसरा आक्षेप राजकीय आहे. या शाळांनी आणि या स्नेहाने कंपनीचा मार्ग सुकर केला, आणि १७९९च्या तहाने सरफोजींच्या हाती किल्ल्याभोवतीचा मुलूखच उरला. हे खरेच आहे. श्वार्ट्झ कंपनीच्या विश्वासातले होते आणि या जबाबदारीतून त्यांना मुक्त करता येत नाही. पण मुलूख गेल्यावरही सरफोजींनी जे उभारले ते कंपनीने सांगितलेले नव्हते. त्याची निवड त्यांची स्वतःची होती. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. श्वार्ट्झ यांच्या ख्रिस्ती मंडळीत जातीनुसार वेगळे बसण्याची प्रथा चालू राहिली. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी तिच्याविरुद्ध आदेश काढला, तेव्हा श्वार्ट्झ यांचे शिष्य, तमिळ कवी वेदनायगम शास्त्री यांनी त्याला विरोध केला. राजपुत्राच्या मनाचा मान राखणाऱ्या शिक्षकाने दलित भक्ताच्या मानासाठी तितकाच हट्ट धरला नाही. ही त्यांची खरी उणीव होती, आणि त्यांचा गौरव करताना ती सांगितलीच पाहिजे.

तरीही कसोटी बदलत नाही, उलट ती अधिक व्यापक होते. आज राजगड तालुका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांत शिकवणारा शिक्षक बहुधा बाहेरून आलेला असतो, त्याची भाषा, जात, श्रद्धा मुलांपेक्षा वेगळी असू शकते. श्वार्ट्झ यांच्याकडून त्याने घ्यावे ते हे: आधी त्या माणसांची भाषा शिकावी, विश्वास वागण्यातून मिळवावा, मूल शिक्षणावाचून राहिले तर सरकारदरबारी पाठपुरावा करावा. आणि जे त्यांच्या हातून राहिले तेही करावे, म्हणजे राजपुत्राला दिलेले स्वातंत्र्य आणि मान वर्गातल्या शेवटच्या मुलालाही द्यावा. शिष्य आपल्यासारखा झाला का, यापेक्षा तो स्वतःच्या पायावर किती दूर गेला, हे पाहणारा शिक्षकच समाजाच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.