सुताएवढी काच आणि आकाशभर उजेड

माझं माहेर निपाणीचं, सासर बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातलं. त्यामुळे सुट्टीत आमच्याकडे मराठी, कानडी आणि हिंदी एकाच ताटात वाढली जाते. यंदा हुबळीहून धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी आली. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर. तिला मोठ्या दुर्बिणींची यंत्रं बनवायला शिकायचंय. भाऊ म्हणतो, ‘‘चुक्की मोजून पोट भरतं काय गं, अक्का?’’

मी भाचीला म्हटलं, आधी मला समजावून सांग, मग बापाला सांग.

तारा किंवा दीर्घिका किती दूर आहे, कशाची बनली आहे, हे तिचा उजेड इंद्रधनुष्यासारखा रंगांत फोडल्यावर कळतं. पूर्वी मोठी दुर्बीण हे काम बहुतेक एकेका दीर्घिकेचं करी. मग काचेचे केसासारखे तंतू आले. दुर्बिणीत जिथे आकाशाचं चित्र उमटतं, तिथे प्रत्येक दीर्घिकेच्या ठिपक्यावर एका तंतूचं टोक ठेवायचं. दुसरं टोक लांबच्या रंग फोडणाऱ्या यंत्रात. मला चटकन आमचा कुंडी भंडारा आठवला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी मोगल काळापासून जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात येतं, तसा हा उजेड.

पण टोक ठेवायचं कसं? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या स्लोन सर्वेक्षणात ॲल्युमिनियमच्या तबकडीला भोकं पाडून माणसं दिवसा हातानं तंतू खोवत. आधी ६४० आणि पुढे १०००. आकाशाचा तुकडा बदलला की तबकडी नवी. वीसेक वर्षं हे चाललं! मागावर ताणा भरणाऱ्या कुणालाही त्या बोटांचं दुखणं सांगायला नको.

आता ते काम यंत्रभुजा करतात. हवाई बेटावरच्या सुबारू दुर्बिणीचा आरसा ८.२ मीटरचा. तिच्यावर सुमारे २४०० भुजा आहेत. प्रत्येक भुजा पेन्सिलीएवढी जाड, आत दोन चिमुकल्या मोटारी. एक खांद्यासारखी फिरते, दुसरी कोपरासारखी. दोन्ही वळणं जुळवली की टोक आपल्या छोट्या वर्तुळात हवं तिथे जातं. तंतूत उलटा उजेड सोडून कॅमेरा टोक कुठे आहे ते पाहतो, चूक सांगतो, भुजा पुन्हा सरकते. शेजारणीला धक्का लागू नये म्हणून आधी गणित करावं लागतं. चाळीतल्या नळावर घागरी लावायच्या म्हणजे जसं! सुबारूचं हे यंत्र २०२५ मध्ये नियमित कामाला लागलं. ॲरिझोनातल्या डेसी यंत्रात तर अशा ५००० भुजा आहेत. त्याचं सर्वेक्षण २०२१ मध्ये सुरू झालं, आणि पहिल्या तीन वर्षांच्या सुमारे दीड कोटी दीर्घिका व क्वेसारांवरून २०२५ मध्ये एक शंका निघाली: विश्वाला फुगवणारी कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी. अजून ठाम सिद्ध झालेलं नाही.

‘‘एवढ्या मोटारी! बिघडल्या तर?’’ भावानं कानोसा घेतलाच होता. काही अडकतातच, भाची म्हणाली. त्या सोडून बाकीच्यांवर रात्र काढायची. इथे आमच्याकडे एक सूत तुटलं तर माग थांबवतात, हे ऐकून तिला मजा वाटली.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. कुरुंदवाडला जन्मलेले, हुबळीत वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी, म्हणजे सुधा मूर्तींचे बंधू, २००६ ते २०१८ कॅलटेकच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक होते. सुबारूच्या भुजांवर त्याच काळात कॅलटेक आणि जेपीएलमध्ये काम चाललं होतं. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कारही त्यांनाच. ‘‘तुझ्याच गावचे की रे,’’ मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, ‘‘सगळेच कुलकर्णी होतात काय?’’ तेही खरंच. भाचीनं मान खाली घातली.

पण गाडीत बसताना त्यानं तिला अर्जाची तारीख विचारली. ती पुढच्या महिन्याची. ‘‘नोडोण,’’ म्हणाला. अर्ज अजून भरलेला नाही.